तिसऱ्या पेटीची राणी

गल्लीत त्यांना सगळे चष्मेवाल्या बाई म्हणत, आणि बाईंच्या स्वतःच्या नाकावर चष्मा कधीच नव्हता. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे चढवले. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात, आतल्या अंधाऱ्या खोलीत त्यांची खुर्ची होती. समोरच्या भिंतीवर अक्षरांची उजळलेली पाटी आणि पाटीकडे तोंड करून बसलेलं गिऱ्हाईक. "हे दिसतंय? आणि आता? आधीचं बरं होतं की हे बरं?" एवढंच विचारत विचारत बाईंनी संसार केला, एक मुलगी वाढवून परगावी नांदायला पाठवली आणि केस पिकवले. शेजाऱ्यांची नावं त्या विसरत, पण कुणाच्या डोळ्याचा नंबर विसरल्या असं कधी झालं नाही. जिन्यात कुणी समोर आलं की आधी त्याच्या चष्म्याकडे बघत, मग माणसाकडे. "दांडी सैल झालीय. संध्याकाळी या," एवढं बोलून पुढे जात.

आपल्या नजरेचा त्यांना भारी अभिमान होता. नोकरी संपली, साठी आली, तरी बिनचष्म्याचं नाक त्या मिरवत होत्या. सुईत दोरा ओवायचं काम तेवढं अलीकडे नवऱ्याकडे गेलं होतं. का म्हणून विचारलं तर "तुम्ही रिकामे बसता म्हणून," असं उत्तर मिळे. नवरा जन्मभर वाचनालयात फाटकी पुस्तकं बांधत आलेला. तिथं हळू बोलायची सवय लागली ती घरीही सुटली नाही. तो दोरा ओवून द्यायचा आणि गप्प बसायचा.

मधमाश्या बाईंच्या आयुष्यात आल्या त्या भांडणातून. एकदा दुकानाच्या नावाच्या फळीखाली एक थवा येऊन लोंबकळला. मालक रॉकेल आणायला निघाला. त्या आठवड्यात बाईंचं आणि मालकाचं बिनसलेलं होतं. त्याला रॉकेल टाकायचं होतं, म्हणून बाईंना टाकू द्यायचं नव्हतं. सुरुवात एवढीच. चष्म्याच्या फ्रेमांचं रिकामं खोकं घेऊन त्यांनी तो थवा झटकून आत घेतला आणि बसमधून मांडीवर घेऊन घरी आणला. शेजारच्या सीटवरचा माणूस आत काय गुणगुणतंय असं विचारत होता, तर म्हणाल्या, रेडिओ आहे.

तेव्हापासून गच्चीवर पेट्या वाढत गेल्या. आता पाच होत्या. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, विटांवर ओळीनं मांडलेल्या. चार पेट्या शहाण्या, तिसरी नाठाळ. झाकण उचलायच्या आधीच अंगावर यायची, आणि दर वर्षी न चुकता पळायची. बाई तो थवा धरून राणीसकट परत त्याच पेटीत घालायच्या.

मधमाश्यांचं हे असं असतं. फुलोरा आला, घर भरलं, राणी म्हातारी व्हायला लागली की त्यांना घर सोडायचे वेध लागतात. पोळ्याच्या खालच्या कडेला त्या भुईमुगाच्या शेंगेएवढी लोंबती घरं बांधतात आणि त्यात नव्या राण्या वाढवायला ठेवतात. ती घरं बंद झाली की जुनी राणी अर्धी प्रजा घेऊन एका सकाळी निघून जाते. घर लेकीला, आई बाहेर. माणसांतल्या आया असं करत नाहीत म्हणून माणसांत भांडणं फार, असं बाईंचं मत होतं, आणि ते त्या मुलीला फोनवर ऐकवत.

निघालेला थवा नवं घर सापडेपर्यंत मिळेल तिथं विसावतो. गेल्या फुलोऱ्यात तिसऱ्या पेटीचा थवा दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीवर विसावला. चादरीची मालकीण दार लावून आत बसली. तळमजल्यावरच्या पोरीच्या भुवईला माशी चावली आणि तिचा डोळा दिवसभर मिटलेला राहिला. मग इमारतीच्या सेक्रेटरींनी बैठक बोलावली. सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. "बाई, तुमच्या मधाला आमची ना नाही," ते म्हणाले, "पण अजून एकदा थवा खाली आला तर पेट्या गच्चीवर राहणार नाहीत."

"मान्य," बाई म्हणाल्या. "येणारच नाही."

शब्द देताना त्या जरा जास्तच मोठ्यानं बोलल्या होत्या. पण त्यांच्याकडे उपाय होता. राणी तरुण असली की प्रजा सहसा घर सोडत नाही. म्हणजे तिसऱ्या पेटीतली म्हातारी राणी शोधायची, काढायची आणि तिच्या जागी नवी घालायची. शोधणं सोपं जावं म्हणून गेल्याच वर्षी त्यांनी नेलपॉलिशचा पांढरा ठिपका राणीच्या पाठीवर लावून ठेवला होता. हजारो माश्यांत पांढरा ठिपका तेवढा बघायचा. पेट्या म्हणजे बाईंचा जीव होता. त्या गेल्या तर सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाही नव्हता, इतकी त्याची धास्ती होती.

फुलोरा सुरू झाला तशी एका सकाळी त्यांनी तिसरी पेटी उघडली. नवरा नेहमीप्रमाणे रेनकोट घालून जिन्याच्या दारामागे उभा. धुराचा डबा पेटवून फटीतून हातात द्यायचा, एवढीच त्याची मदत, आणि तेवढ्यालाही तो घामाघूम व्हायचा. बाईंनी एकेक चौकट उचलली, उलटसुलट केली, उन्हाकडे धरली. पांढरा ठिपका कुठंच नाही. पुन्हा पहिल्या चौकटीपासून बघितलं. नाही.

राणी दिसली नाही तरी बिघडत नाही. कप्प्यांच्या तळाशी अंडी असली की राणी आहे. अंडं म्हणजे पांढऱ्या दोऱ्याचा कातरलेला बारीक तुकडा उभा करून ठेवावा, तेवढंच. बाईंनी कप्प्यांत डोकावून बघितलं. तळ सगळे रिकामे, काळसर, चकाकणारे. कडेला झाकण घातलेले कप्पे होते, जाड अळ्या होत्या. अंडं एकही नाही.

"राणी गेली," त्यांनी दाराकडे बघून जाहीर केलं.

"कुठं?" दारामागून कुजबुज.

"मेली असेल. म्हातारी होती. तुम्हाला काय सांगून जाणार होती?"

गावाबाहेरच्या बागेत एक जण राण्या वाढवून विकत असे. त्याला सगळे राणीवालाच म्हणत. बाईंनी त्याला फोन लावला.

"अंडी बघितलीत ना, ताई?"

"मी न बघता फोन करीन का?"

"तसं नाही हो. तुमच्या डोळ्यांवर कोण शंका घेणार? माझ्या नाकावरचा चष्मा तुम्हीच दिलेला आहे. पाठवतो."

राणी आली. बोटाएवढ्या जाळीच्या पिंजऱ्यात, तोंडाला साखरेचा गोळा लावलेला. पेटीतल्या माश्या तो गोळा खात खात आत शिरतात, तोवर त्यांना नव्या राणीच्या वासाची सवय होते, आणि मग त्या तिला आपली म्हणतात. बाईंनी पिंजरा दोन चौकटींच्या मधे अडकवला आणि बरेच दिवसांनी बरं वाटल्यासारख्या खाली आल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "आता बघा, तिसरी कशी गाय होते."

दोन-चार दिवसांनी पेटीच्या उंबरठ्याखाली राणी पडलेली होती. पाय आखडलेले, पंख चुरगळलेले. कामकरी माश्यांनी तिला मारून केर टाकावा तशी बाहेर टाकली होती.

बाईंचा पारा असा चढला की राणीवाल्यानं फोन कानापासून लांब धरला असणार. राणी आजारी होती, वाटेत उन्हात ठेवली होती, पिंजरा घाणेरडा होता, साखर शिळी होती. नाचता येईना अंगण वाकडं, असं दुसऱ्या कुणाच्या बाबतीत त्या लगेच म्हणाल्या असत्या. राणीवाला बिचारा ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, "दुसरी पाठवतो, ताई. तुमच्यासारखं गिऱ्हाईक नाराज नको."

दुसरी आली. तिचंही तेच झालं. ही तर पिंजऱ्याच्या तोंडाशीच मेली, पाऊलभरही पुढे गेली नाही.

या वेळी राणीवाल्याचा आवाज बदलला होता. "ताई, रागवू नका, पण सांगतो. दोन दोन मारल्या म्हणजे तुमची जुनी आत आहे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

"आत असती तर मला दिसली नसती? पांढरा ठिपका आहे तिच्या पाठीवर."

"ठिपका काय, माश्या कुरतडून काढतात."

"आणि अंडी? अंडीपण कुरतडून काढतात का?"

 चष्मेवाल्या बाईंना अंडी दिसत नाहीत म्हणजे अंडी नाहीत, इतका त्याचाही विश्वास होता. शेवटी तो म्हणाला, "एक करा. पाचवी पेटी शांत आहे ना? तिच्यातली अंडी असलेली एक चौकट काढा आणि तिसरीत ठेवा. राणी नसेल तर त्या अंड्यांवर माश्या लगेच राणीघर बांधतील. नाही बांधलं तर समजा आत राणी आहे."

सल्ला सरळ होता. बाईंनी तो पाळायचा म्हणून पाचवी पेटी उघडली. पाचवी म्हणजे गुणी बाळ. कामकरी माश्या पायांना पिवळे गोळे चिकटवून येत होत्या, आत आवाज एकसारखा, कुणी अंगावर येईना. बाईंनी चौकट उन्हाकडे धरली. तळ रिकामे. दुसरी चौकट काढली. रिकामे. चौथी पेटी उघडली, मग दुसरी, मग पहिली. पाचही पेट्यांत मिळून एक अंडं नाही.

ही ती वेळ होती. कुणालाही इथं थांबून वाटलं असतं, की पाच राण्या एकाच आठवड्यात कशा मरतील? बाईंना ते वाटलं नाही. रागावलेल्या माणसाला दुसऱ्याचा दोष शोधायला वेळ लागत नाही, आणि बाई तर आठवडाभर रागावलेल्याच होत्या.

"बागेत कुणीतरी औषध मारलंय," त्या हातमोजे आपटत म्हणाल्या. "सगळ्या गेल्या."

"सगळ्याच?" दारामागून कुजबुज आली.

"सगळ्याच."

"एकदम?"

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"खोटं नाही गं."  मग नवरा धीर करून म्हणाला, "मला आपलं वाटलं, एकदा डोळे दाखवून यावेत."

त्या दिवशी घरात चहा झाला, पण बोलणं झालं नाही. संध्याकाळी बाईंनी चप्पल घातली आणि तणतणत दुकान गाठलं. त्यांच्या खुर्चीवर आता एक तरुण बाई बसायची. तिला हे काम बाईंनीच शिकवलं होतं. "काकू, बसा ना," तिनं उठून जागा दिली. बाई बसल्या. पाटीचा दिवा लागला. त्यांनी वरपासून खालपर्यंत, अगदी तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत, न अडखळता धडाधड वाचून काढलं. जवळचं बघायचं कार्डही वाचलं.

"काकू, माझ्याहून चांगले आहेत तुमचे डोळे," ती म्हणाली.

"ते मला माहीत आहे. आमच्या घरात एकाला माहीत नाही."

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला एकच शब्द ऐकवला, "ठणठणीत." नवऱ्यानं मान हलवली आणि सुईदोऱ्याची डबी फडताळात आत सरकवली.

पुढच्या वेळी तिसरी पेटी उघडली तेव्हा पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगा लोंबत होत्या. राणीघरं. एक नाही, ओळच. ही दिसायला चांगली मोठी असतात, ती बाईंना व्यवस्थित दिसली. आणि इथं त्यांनी ती चूक केली, जी माश्या पाळणाराच करू शकतो. ज्याला काहीच कळत नाही त्यानं घाबरून सगळं कापून टाकलं असतं आणि तो वाचला असता.

राणीघरं दोन कारणांनी बांधली जातात. राणी अचानक मेली तर माश्या घाईघाईनं पोळ्याच्या मधोमध, हाताशी असेल त्या अळीभोवती घर बांधतात. ती वाढू द्यायची असतात. आणि घर सोडून जायचं असेल तर सावकाश, खालच्या कडेला, ओळीनं बांधतात. ती कापायची असतात. हा फरक बाईंनी स्वतः कितीतरी लोकांना समजावून सांगितला होता. समोरची घरं खालच्या कडेला होती, ओळीनं होती. चाकू हातात होता.

पण राणी मेली हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यावरून राणीवाल्याशी भांडण झालं होतं, नवऱ्याशी अबोला झाला होता, दुकानात जाऊन डोळ्यांची परीक्षा देऊन झाली होती. एवढं सगळं झाल्यावर राणी मेलेलीच असायला हवी होती. आणि राणी मेली असेल तर ही घरं कापणं म्हणजे पेटीचा शेवट. 'दोन राण्या आणून दिल्या, त्या नको झाल्या,' त्या मनात म्हणाल्या. 'घ्या, करा तुमची तुम्ही.' त्यांनी चाकू पुसला, मिटला आणि खिशात ठेवला. झाकण लावताना ते त्यांनी जरा आपटलंच.

थवा निघाला तो एका स्वच्छ, ऊबदार सकाळी. बाई गॅसपाशी होत्या. वरून आधी गिरणी सुरू झाल्यासारखी घरघर आली, मग खिडकीतला उजेड ठिपक्याठिपक्यांचा झाला. नवऱ्यानं खिडकी लावली. बाई जिन्यातून धावत खाली गेल्या. गुडघे दुखतात हे त्यांना तळमजल्यावर पोचल्यावर आठवलं.

आवारात सेक्रेटरींची स्कूटर उभी होती, आणि तिच्या उजव्या मुठीपासून सीटपर्यंत माश्यांचा तपकिरी, हलता घड लटकला होता. सेक्रेटरी जिन्याच्या पायरीवर उभे. त्यांची दाढ सुजलेली, गालाला रुमाल बांधलेला, आणि दाताच्या डॉक्टरनं दिलेली वेळ टळत चाललेली. त्यांना ओरडायचं होतं, पण तोंड उघडत नव्हतं.

"मागे व्हा," बाई म्हणाल्या. "आता त्या सहसा चावत नाहीत. त्यांना राखायला घरच नाहीये."

त्यांनी रिकामी पेटी आणली, स्कूटरजवळ ठेवली, पेटीच्या तोंडापासून जमिनीवर पांढरी चादर अंथरली आणि स्कूटरची मूठ एकदाच जोरात हिसडली. घड चादरीवर कोसळला. क्षणभर सगळा गोंधळ, मग माश्यांना पेटीच्या अंधाराचा वास लागला आणि त्या तोंडं वळवून चढ चढायला लागल्या. हे दृश्य बाईंना फार आवडायचं. आजही त्या राग विसरून वाकून बघत राहिल्या.

आणि चादरीच्या मधून ती आली. लांब, काळसर, इतरांपेक्षा मोठी, घाईत नसलेली. कामकरी माश्या तिला वाट करून देत होत्या. पांढऱ्या चादरीवर ती न दिसणं शक्यच नव्हतं. बाईंच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावरून ती गेली, तेव्हा उन्हात तिच्या पाठीवर काहीतरी चमकलं. नेलपॉलिशचा कपचा उरलेला होता, खसखशीच्या दाण्याएवढा.

ती पेटीत शिरली. बाई तशाच वाकून राहिल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण हा कळसा जिवंत होता, आणि वळशात दोन राण्या मेल्या होत्या. त्या राण्या माश्यांनी मारल्या नव्हत्या, राणीवाल्यानं मारल्या नव्हत्या, उन्हानं किंवा शिळ्या साखरेनं मारल्या नव्हत्या. त्या बाईंनी मारल्या होत्या, तरुण, धडधाकट, पिंजऱ्यात घालून. बाईंना संताप आला, नेहमीसारखाच तळपायापासून वर चढत, पण या वेळी तो कुणावर काढावा हेच कळेना. राणीवर काढावा तर ती तिच्या धर्माप्रमाणे वागली होती. ही इतके दिवस आत फिरत होती, अंडी घालत होती, आपण तिच्यावरून नजर फिरवत होतो, आणि आपल्याला दिसत नव्हतं. पाचही पेट्यांत दिसत नव्हतं. पाच राण्या कशा मरतील, हा प्रश्न त्यांना आत्ता, स्कूटरशेजारी उकिडवं बसून पडला.

"बाई," सेक्रेटरी रुमालाच्या आतून म्हणाले, "शब्द दिला होतात."

सगळ्या खिडक्यांत माणसं होती. बाई भांडणार म्हणून बरेच जण थांबले होते.

"दिला होता," बाई उठत म्हणाल्या. "महिनाअखेरीला पेट्या जातील. मागे राहिलेल्या माश्या पेटीत जाईपर्यंत, म्हणजे संध्याकाळपर्यंत, स्कूटर हलवू नका. रिक्षा करून जा, दाढ फार सुजलीय."

सेक्रेटरींना हे अपेक्षित नव्हतं. ते उगीचच "बघू, पुढचं पुढे," असं काहीतरी पुटपुटले आणि रिक्षा शोधायला गेले.

त्याच दुपारी बाईंनी वर जाऊन तिसऱ्या पेटीतलं एक राणीघर ठेवलं आणि बाकीची सगळी कापली, म्हणजे त्या पेटीतून आणखी थवा निघू नये. संध्याकाळी त्या दुकानात गेल्या. या वेळी तणतणत नव्हे.

"परत?" खुर्चीवरची म्हणाली. "काकू, झालंय की तपासून."

"पाटी बदल."

"एकच पाटी आहे, काकू. तुमच्या वेळचीच."

"मग ओळीनं नको विचारू. मधेच कुठंही बोट ठेव. खालून वर, कसंही."

तिनं काठीनं तळापासून दुसऱ्या ओळीतल्या एका अक्षरावर टोक ठेवलं. बाईंनी डोळे ताणले. राखाडी डाग दिसला. आणि मग त्यांना जाणवलं की आपले ओठ हलतायत. पाढ्यातलं मधलंच विचारलं की पोरं पहिल्यापासून म्हणत म्हणत तिथवर येतात, तशा त्या ओळीच्या सुरुवातीपासून अक्षरं म्हणत काठीपर्यंत येत होत्या. चौथं, पाचवं, हे. त्यांनी अक्षर सांगितलं. बरोबर होतं.

"बरोबर," खुर्चीवरची म्हणाली.

"बरोबर नाही," बाई म्हणाल्या. "मला दिसलं नाही. मला पाठ आहे. ते कार्डसुद्धा."

खोलीत अंधार होता ते बरं होतं. एवढी वर्षं त्यांनी ही पाटी लोकांकडून वाचून घेतली होती. कोण कुठं अडखळतं, कोण अंदाजानं बोलतं, कोण शेजारच्याचं ऐकून सांगतं, सगळं त्या ओळखायच्या. "मला फसवू नका," असं म्हणून त्यांनी कितीतरी म्हाताऱ्यांना दटावलं होतं. आणि स्वतः दर वर्षी या खुर्चीवर बसून त्या स्वतःलाच फसवून गेल्या होत्या, तेही सरळ मनानं. लाज वाटत होती आणि चीडही येत होती. खुर्चीवरच्या बाईनं मग डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक बाटली हातात दिली. तिच्यावरचा मजकूर बाईंनी कधी वाचला नव्हता. त्यांनी बाटली जवळ धरली, लांब धरली, आणि परत दिली.

"नंबर लिही," त्या म्हणाल्या. "आणि फ्रेम मी निवडणार. तुझी निवड भयंकर आहे."

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं.  त्यानं उठून फडताळातली सुईदोऱ्याची डबी बाहेर काढून ठेवली. "माहीत होतं ना तुम्हाला?" बाईंनी विचारलं. "तीन वर्षं ओवतोय," तो म्हणाला. "मग बोलला का नाहीत?" यावर त्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाईंनी पुढे विचारलं नाही.

राणीवाल्याला फोन करणं सगळ्यात जड गेलं. दोनदा फोन उचलून त्यांनी खाली ठेवला. शेवटी लावला आणि नमस्कारही न करता म्हणाल्या, "तुमच्या दोन्ही राण्या चांगल्या होत्या. मी मारल्या. जुनी आत होती." थव्याचं आणि सेक्रेटरींना दिलेल्या शब्दाचंही सांगून टाकलं. मग तो म्हणाला, "ताई, पेट्यांचं काय करताय?" त्याच्या बागेत जागा होती. बाईंनी आठवड्यातून एकदा बसनं यावं, आपल्या पेट्या आपण बघाव्यात. बाईंना रोज गच्चीवर जायची सवय. आठवड्यातून एकदा म्हणजे त्यांना नातेवाईकाला दवाखान्यात भेटायला जाण्यासारखं वाटलं. पण त्या हो म्हणाल्या.

महिनाअखेरीला राणीवाला टेम्पो घेऊन आला. पेट्या भल्या पहाटे, माश्या बाहेर पडायच्या आत बंद करायच्या असतात. तशा चार पेट्या आणि थव्याची नवी पेटी, तोंडं जाळीनं बुजवून, पट्टे आवळून तयार झाल्या. तिसरी राहिली.

"हिला राणी आहे का ते कळलं पाहिजे," बाई म्हणाल्या. "नुसतंच ओझं नेऊन उपयोग नाही."

राणीवाला थांबला. एक राणीघर ठेवलं होतं खरं, पण त्यातून निघालेली कुमारी राणी उडून, नरांना भेटून सुखरूप परत आली की वाटेत पाखरानं टिपली, हे सांगता येत नाही. परत आली असेल तर अंडी असतील.

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला आणि पुन्हा चढवला. नाकावर त्याची अजून सवय नव्हती, जाळीचा टोप त्याला अडत होता. ऊन नुकतंच टाकीवरून उतरलं होतं. त्यांनी मधली चौकट उचलली, उन्हाकडे पाठ केली आणि कप्प्यात बघितलं.

तळाशी अंडं होतं. उभं, किंचित कललेलं, पांढरं. शेजारच्या कप्प्यात एक. त्याच्या शेजारी एक. त्यांनी चौकट जराशी तिरकी केली. सगळं पोळं भरलेलं होतं, एकही कप्पा सुटलेला नाही, नव्या राणीच्या हाताला काय ती सफाई. याच कप्प्यांना, अशाच अंड्यांना, त्या हा सगळा हंगाम रिकामं म्हणत आल्या होत्या. गेल्या वर्षी राणीचा ठिपका दिसला की त्या तळ बघतच नसत.  

"अहो, तिथं काय उभे राहिलात," त्या दाराकडे ओरडल्या. "इकडे येऊन बघा तरी."

जिन्याचं दार करकरलं. रेनकोट घातलेला नवरा पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर आला, दोन पावलं, मग आणखी एक. वाकून त्यानं चौकटीत पाहिलं. "आहेत की," तो कुजबुजला.

खाली टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. राणीवाल्यानं पट्टा उचलला. "आवळू का, ताई? ऊन वाढतंय."

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. "आत्ता कुठं दिसायला लागलंय."

राणीवाल्यानं पट्टा खाली ठेवला आणि टाकीच्या कट्ट्यावर बसला. बाईंनी दुसरी चौकट उचलली.